गरम झाल्यावर स्टार्ट न होणारी १९८४ ची मर्सिडीज २३० ई : गेज लावेपर्यंत न सुटलेली केस

गाडी १९८४ ची मर्सिडीज २३० ई, डब्ल्यू १२३ बॉडी, २.३ लिटरचं चार सिलिंडरवालं एम १०२ इंजिन, १३६ हॉर्सपॉवर. त्या काळात भारतात मर्सिडीज कार बनतच नव्हती (पुण्यात सुरुवात झाली १९९५ ला, तीही पुढच्या डब्ल्यू १२४ पासून), त्यामुळे ही मूळची बाहेरून आलेली, वकिलातीच्या वापरातली, नंतर मुंबईत विकली गेलेली आणि तिथून दोन हात फिरून सांगलीच्या एका काकांकडे आलेली. काका रिटायर्ड, गाडी जीवापाड जपतात, रोज नाही पण आठवड्यातून एक-दोनदा बाहेर काढतात आणि वर्षातून दोन-चारदा पुण्याला किंवा कोकणात नेतात.

तक्रारी दोन होत्या आणि या दोन आहेत हेच आधी कुणी नीट वेगळं केलं नव्हतं. पहिली अशी की सकाळी थंड गाडी व्यवस्थित स्टार्ट होते, पण गरम गाडी बंद करून चहापाणी करून वीस मिनिटं-अर्ध्या तासाने परत सेल्फ मारला की नुसता सेल्फ फिरत राहतो, पंधरा-वीस सेकंद, मग एकेक सिलिंडर पकडत खडखडत कशीबशी चालू होते आणि मिनिटभराने जणू काही झालंच नाही अशी चालते. तीन-चार तास उभी राहिली तर परत ठीक. दुसरी तक्रार खंबाटकीच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी आधी ओढते आणि मग अचानक दम सोडते, जर्क मारते, मागच्या सीटखालून कुठून तरी घूंऽऽ असा आवाज वाढतो, पाय उचलला की दहा सेकंदात परत नीट.

माझ्याकडे येईपर्यंत दोन-तीन ठिकाणी काम झालं होतं. प्लग नवे, डेल्कोची (म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्याची) कॅप-रोटर नवी, इग्निशन कॉइल नवी, एका ठिकाणी चक्क 'कार्ब्युरेटर क्लीनिंग' असं बिल लावलेलं. या गाडीला कार्ब्युरेटर नाहीच आहे, त्यामुळे त्या माणसाने नक्की काय धुतलं ते देवालाच ठाऊक. सगळ्यात महागाचा पार्ट म्हणजे पेट्रोल पंप, तोही नवा टाकलेला, आणि गंमत म्हणजे पंप टाकल्यावर घाटातली तक्रार काही आठवडे बरीच कमी झाली होती, गरम स्टार्टिंगची मात्र जशीच्या तशी. मग घाटातली तक्रारही परत आली. काका म्हणाले, "अहो, पंप बदलला तेव्हा फरक पडला होता म्हणजे पंपच असणार ना, नवा पण खराब निघाला असेल." ऐकायला बरोबर वाटतं.

आता ही सिस्टिम थोडी सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. बॉशची के-जेट्रॉनिक, १९७३ पासून बाजारात आलेली, पूर्ण मेकॅनिकल इंजेक्शन. पेट्रोल किती सोडायचं हे ठरवायला कॉम्प्युटर नाही, स्कॅनर लावायला सॉकेट नाही, त्यामुळे 'स्कॅन मारून बघा' वाले मिस्त्री इथे हात वर करतात. एअर फिल्टरमधून येणारी हवा एक गोल प्लेट उचलते, प्लेटच्या लिव्हरने फ्यूल डिस्ट्रिब्युटरमधला एक बारीक प्लंजर वर ढकलला जातो, प्लंजर जेवढा वर तेवढ्या त्याच्या बाजूच्या फटी उघड्या, आणि तेवढं पेट्रोल चारही नोझलना सतत, टप्प्याटप्प्याने नाही तर अखंड, जात राहतं. प्लंजरच्या डोक्यावर पेट्रोलचंच प्रेशर दिलेलं असतं त्याला खाली दाबून ठेवायला. ते कमी केलं की प्लेट जास्त उचलली जाते आणि मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, वाढवलं की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. हे डोक्यावरचं प्रेशर ठरवतो वॉर्म-अप रेग्युलेटर, त्याच्यात बायमेटलची (तापली की वाकणारी, दोन धातूंची) पट्टी आणि एक छोटा हीटर आहे, बस.

म्हणजे सगळा खेळ तीन प्रेशरचा. सिस्टिम प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणारं मुख्य प्रेशर, साधारण ५ बारच्या थोडं वर. कंट्रोल प्रेशर म्हणजे प्लंजरच्या डोक्यावरचं, थंड असताना बरंच कमी आणि इंजिन गरम झाल्यावर साडेतीनच्या आसपास. आणि तिसरं रेस्ट प्रेशर, गाडी बंद केल्यावर लाईनमध्ये अडकून राहणारं, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही कारण गाडी बंद असताना काय बघायचं. पण गरम स्टार्टिंगची नव्वद टक्के भानगड इथेच असते असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. चालत्या गाडीत पंख्याची आणि समोरची हवा असते, बंद केली की इंजिनची सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडते आणि पहिल्या वीस-तीस मिनिटांत नोझल, पाईप, डिस्ट्रिब्युटर सगळं चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतं. पेट्रोल हे बऱ्याच द्रवांचं मिश्रण, त्यातला हलका भाग पस्तीस-चाळीस डिग्रीलाच उकळायला लागतो. कुकरमध्ये पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही कारण वर दाब असतो, तसंच लाईनमध्ये अडीच-तीन बार अडकून राहिले तर पेट्रोल द्रवच राहतं. दाब गेला की पाईपमध्ये वाफेचे बुडबुडे, आणि मग सेल्फ मारल्यावर पंप आधी ती वाफ दाबून बाहेर काढतो आणि नंतर खरं पेट्रोल नोझलपर्यंत पोचतं, तेच ते पंधरा-वीस सेकंद. थंडीत जास्तीचं पेट्रोल मारणारा एक वेगळा कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह असतो, पण त्याचा थर्मो-टाइम स्विच इंजिन गरम असलं की त्याला चालूच होऊ देत नाही, त्यामुळे गरम असताना तिकडूनही मदत नाही. तीन-चार तासांनी इंजिन निवतं, वाफेचं परत पेट्रोल होतं, गाडी लगेच स्टार्ट. काकांनी सांगितलेलं वर्णन इतकं पुस्तकी होतं की गेज लावायच्या आधीच अंदाज आला होता, पण अंदाजावर पार्ट बदलणारे आधीच होऊन गेले होते.

आणि हो, अशा गाड्यांना काही लोक डॅशबोर्डखाली एक बटण बसवून देतात, ते दाबलं की कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह जबरदस्तीने उघडतो. चालतं ते. पण रोग तसाच राहतो आणि पुढचा मालक बटणाचा अर्थ न कळून दाबत बसतो आणि प्लग ओले करतो. काकांनाही कुणीतरी हे सुचवलं होतं, त्यांनी डॅशला भोक पाडायला नकार दिला, बरंच झालं.

पहिली चाचणी बिनखर्चाची. गाडी फिरवून गरम केली, बंद करून अर्धा तास उन्हात ठेवली, मग सेल्फ मारायच्या आधी पंपाचा रिले (पंपाला करंट देणारा स्विच) काढून त्याच्या जागी फ्यूज लावलेल्या वायरीने पंप थेट दहा सेकंद चालवला, रिले परत लावला आणि किल्ली फिरवली. एका झटक्यात स्टार्ट. परत तसंच गरम करून ठेवली आणि यावेळी पंप आधी न चालवता सेल्फ मारला तर परत तीच रडारड. म्हणजे प्लग-कॉइल-डेल्कोचा यात काही संबंध नव्हता, लाईनमधलं प्रेशर जातंय एवढं नक्की. कुठून जातंय ते पुढे.

इथे एक सांगून ठेवतो कारण लोक करतात. पंप असा चालू ठेवून हाताने एअर प्लेट उचलून बघायची नाही, निदान उगाच खेळ म्हणून नाही. प्लेट उचलली की चारही नोझल फवारायला लागतात, इंजिन बंद आहे, पेट्रोल सिलिंडरमध्ये साठतं, आणि नंतर सेल्फ मारला की पिस्टन द्रवावर आपटतो. कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

दुसरी तक्रार, घाटातली, तिच्यासाठी प्रेशर आधी न बघता पेट्रोल येतंय किती ते मोजलं. डिस्ट्रिब्युटरकडून टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाईन सोडून मापाच्या कॅनमध्ये टाकली आणि पंप चालवला. या इंजिनाला ढोबळ नियम असा की ४० सेकंदांच्या आत एक लिटर आलं पाहिजे. इथे एक लिटरला ७० सेकंद लागले. इतक्या पेट्रोलवर गाडी गावात आरामात फिरते, घाटात जोर लावला की मागणी वाढते, पंपाला तेवढं मिळत नाही, सिस्टिम प्रेशर पडतं आणि गाडी दम सोडते. तो घूंऽऽ आवाज म्हणजे उपाशी पंप बुडबुडे ओढतोय त्याचा.

आता इथे बहुतेक ठिकाणी पंप बदलतात. पण पंप नवाच आहे. आधी पंपाच्या टर्मिनलवर चालू असताना व्होल्टेज बघितलं, साडेअकराच्या वर मिळत होतं, ठीक. टाकीचं झाकण उघडं ठेवून परत मोजलं, कारण टाकीची हवेची नळी चोक असली तर आत व्हॅक्यूम बनतो आणि पंपाला ओढता येत नाही, पण काही फरक नाही. फिल्टर बाजूला काढून मोजलं, थोडा फरक, म्हणजे फिल्टर बदलायचा झालाच होता पण मुख्य चोर तो नव्हता. राहिली पंपाच्या अलीकडची बाजू. टाकीकडून पंपाकडे येणारी सक्शन नळी सोडली तर पेट्रोल धो धो यायला पाहिजे, टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे उभी असते आणि पंप खाली मागच्या ॲक्सलपुढे, म्हणजे उतारच आहे. आलं काय, तर करंगळीएवढी धारसुद्धा नाही.

टाकी रिकामी केली. या गाडीच्या टाकीला तळाशी एक जाळी असते, स्ट्रेनर, मोठ्या नटात बसवलेली, ४६ मिलिमीटरचा पाना लागतो आणि तो पाना साध्या गॅरेजमध्ये नसतो, म्हणूनच ती जाळी कुणी काढत नाही. आम्ही लेथवाल्याकडून सॉकेट करून घेतलं. जाळी निघाली तर ती जाळी आहे हे ओळखू येईना, तांबूस गंजाचा चिखल आणि त्यावर लाखेसारखा चिकट थर. टाकी लोखंडी आहे, अर्धी रिकामी ठेवून महिनोन् महिने उभी, आत पाणी धरतं, गंज सुटतो. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, २०२३ पासून टप्प्याटप्प्याने यायला लागलं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे तेच झालं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुने चिकटलेले थर सोडवतं, मग चाळीस वर्षांचं साठलेलं सगळं सुटून जाळीवर येऊन बसतं. इथेनॉलमुळेच झालं असं मी म्हणत नाही, गंज आधीचाच होता, पण वेग वाढला असणार.

आणि पंप बदलल्यावर घाटातला त्रास काही आठवडे कमी का झाला त्याचा उलगडाही इथेच झाला. पंप काढताना नळ्या सुटल्या, पेट्रोल उलटसुलट हललं, जाळीवरचा थोडा गाळ बाजूला झाला, नव्या पंपाचा जोरही थोडा जास्त, झालं. गाळ परत बसला तशी तक्रारही परत. मधल्या काळात गरम स्टार्टिंग तसंच होतं, आणि खरं म्हणजे तिथेच कुणाला तरी शंका यायला हवी होती की एका पार्टने एक तक्रार कमी होते आणि दुसरी केसभरही हलत नाही, म्हणजे रोग दोन आहेत.

टाकी बाहेर काढून आतून धुतली, गंज काढून घेतला, जाळी नवी, फिल्टर नवा, रबरी नळ्या सगळ्या नव्या. नळ्यांच्या बाबतीत मी कंजुषी करू देत नाही. जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, मग भेगा पडतात, आणि इथे लाईनमध्ये ५ बार आहे, कार्ब्युरेटरच्या गाडीला लागते ती साधी पेट्रोल नळी इथे लावली तर एक दिवस गरम एक्झॉस्टवर फवारा उडेल. इथेनॉल चालणारी आणि इंजेक्शनच्या प्रेशरची असं दोन्ही लिहिलेलीच नळी घ्यायची, बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे. परत मोजलं, एक लिटरला ३६ सेकंद. घाटातली तक्रार इथे संपली.

काकांच्या डिकीत जुना पंप जपून ठेवलेला होता (जुने पार्ट परत मागून घेणारा मालक मिळाला की मिस्त्रीचं निम्मं काम होतं). तोही लावून मोजला, ३८ सेकंद. चाळीस वर्षांचा पंप ठणठणीत होता, नव्या पंपाचे पैसे वाया. नवा लावलाय तर नवाच ठेवला, जुना डिकीत स्पेअर.

आता गेज. के-जेट्रॉनिकचं गेज म्हणजे एक प्रेशर गेज, दोन नळ्या आणि मध्ये एक व्हॉल्व्ह, डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर यांच्यामध्ये जोडायचं. व्हॉल्व्ह बंद ठेवला की सिस्टिम प्रेशर दिसतं, उघडला की कंट्रोल प्रेशर, इंजिन बंद करून बघत बसलं की रेस्ट प्रेशर. कुठलाही युनियन (पाईपचा जोड) सोडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, इंजिन गार असू द्यायचं, फडकं गुंडाळून हळूच ढिलं करायचं, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवायचा, आणि हे काम खड्ड्यात उभं राहून करायचं नाही कारण पेट्रोलची वाफ जड असते, खाली खड्ड्यात साठते.

सिस्टिम प्रेशर ५.३, उत्तम. कंट्रोल प्रेशर थंड इंजिनवर दीडच्या आसपास, मग तीन-चार मिनिटांत चढत चढत ३.५ ला येऊन थांबलं, हेही उत्तम, म्हणजे वॉर्म-अप रेग्युलेटरला हात लावायची गरज नाही. मग इंजिन बंद केलं. काटा ३ च्या खाली आला, तिथे थांबायला पाहिजे होता, थांबला नाही, सरकत सरकत पाच मिनिटांत १ च्या खाली आणि दहा मिनिटांत ०.६. अर्ध्या तासाने साधारण अडीच बारच्या वर राहिलं पाहिजे असा हिशोब असतो.

प्रेशर जायला वाटा बऱ्याच आहेत आणि एकेक बंद करत जायचं. गेजचा व्हॉल्व्ह बंद करून वॉर्म-अप रेग्युलेटर वेगळा केला, काटा त्याच वेगाने पडला. रिटर्न होज चिमट्याने दाबून धरला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या प्रेशर रेग्युलेटरच्या ओरिंगमधून (रबरी कडीतून) जात असेल तर ते थांबेल, तरीही तसाच पडला. नोझल चारही बाहेर काढून बघितले, तोंड कोरडं. कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह काढून पुसला आणि मिनिटभर बघितला, थेंब नाही. म्हणजे पुढची बाजू सगळी स्वच्छ, गळती मागे, पंपाकडे.

मागे दोनच उमेदवार. एक पंपाच्या तोंडाशी असलेला चेक व्हॉल्व्ह, जो पेट्रोल उलट टाकीकडे जाऊ देत नाही, आणि दुसरा ॲक्युम्युलेटर, पत्र्याचा डबा, आत स्प्रिंग आणि पडदा, गाडी चालू असताना स्प्रिंग दाबून पेट्रोल साठवून ठेवतो आणि बंद केल्यावर तेच पेट्रोल ढकलून दाब टिकवतो. आता सगळेजण करतात ती चाचणी म्हणजे पंपाची सक्शन नळी चिमट्याने दाबायची आणि बघायचं. दाबली. काटा जागच्या जागी थांबला! सोडली, परत पडायला लागला. पोऱ्या लगेच म्हणाला, "दादा, चेक व्हॉल्व्ह, नवा पंप माल खराब." काकांचंही तेच म्हणणं होतं आधीपासून.

पण इथेच खरी गोम आहे. ॲक्युम्युलेटरच्या मागच्या, म्हणजे स्प्रिंगच्या बाजूला एक बारीक नळी असते, पडदा फाटला तर तिथून येणारं पेट्रोल जमिनीवर न सांडता आतल्या आत जावं म्हणून, आणि या गाडीत ती नळी पंपाच्या सक्शन नळीलाच जोडलेली आहे. म्हणजे सक्शन नळी त्या जोडाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला दाबली की चेक व्हॉल्व्हची वाटही बंद आणि फाटलेल्या पडद्याची वाटही बंद. चाचणीचा निकाल दोन्ही रोगांत सारखाच येतो! त्यामुळे सक्शन नळी मोकळी ठेवून फक्त ती बारीक नळी दाबली, काटा थांबला. मग ती नळी सोडूनच टाकली, तिचं तोंड बंद केलं, ॲक्युम्युलेटरच्या मागच्या भोकाखाली डबी धरली आणि पंप चालवला. तिथून पेट्रोल यायला लागलं. तिथे एक थेंबही यायला नको. पडदा फाटलेला, विषय संपला, चेक व्हॉल्व्ह निर्दोष.

(नळ्या दाबायचं हे काम नव्या नळ्या बसवल्यावरच करायचं, जुन्या कडक झालेल्या नळीला चिमटा लावला की ती तिथेच चिरते. आणि दातेरी पक्कड अजिबात नको.)

ॲक्युम्युलेटर बाहेरून मागवावा लागला, आला तोपर्यंत गाडी आमच्याकडे स्टँडवर. नव्या पंपाच्या मानाने बराच स्वस्त पार्ट, बसवायला तासाभराचं काम, पंप, फिल्टर आणि हा डबा तिन्ही एकाच ब्रॅकेटवर शेजारी शेजारी आहेत. म्हणजे ज्याने पंप बदलला त्याचा हात या डब्याला लागला असणारच. बसवून परत गेज: बंद केल्यावर काटा ३ च्या जरा खाली, अर्ध्या तासाने २.८. गरम करून, उन्हात ठेवून, बॉनेट मुद्दाम बंद ठेवून सेल्फ मारला, लगेच स्टार्ट.

इथे केस संपायला हवी होती पण गाडी चालवली तर एक्झॉस्टला काळा धूर, आयडल (उभ्या गाडीत पाय न देता चालणारं इंजिन) लोळणारं, एकसारखं नाही. आणि आता कारण कळलं. आधीच्या कुणीतरी 'पेट्रोल कमी पडतंय' म्हणून मिक्श्चरचा स्क्रू पिळून ठेवला होता. एअर प्लेट आणि डिस्ट्रिब्युटरच्या मध्ये लांब एलन की ने फिरवायचा बारीक स्क्रू असतो तो, एक अष्टमांश आटा म्हणजेसुद्धा खूप होतो, आणि तो फिरवणं सोपं म्हणून सगळे आधी तोच फिरवतात. प्लग काढले तर काजळीने काळे. पहिल्या दिवशीही ते काळेच होते आणि थोडं कोड्यात टाकत होते, की काळे प्लग म्हणजे पेट्रोल जास्त आणि घाटातलं लक्षण म्हणजे पेट्रोल कमी, दोन्ही एकाच गाडीत कसं. तर तसंच होतं, हळू चालताना पिळलेल्या स्क्रूमुळे जास्त आणि जोर लावला की जाळीमुळे कमी. काकांचं ॲव्हरेजही पाचावर आलं होतं ते त्यामुळेच.

सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड, पेट्रोल जास्त झालं की वाढतो) मोजायला ओळखीच्या पीयूसी सेंटरचं मशीन वापरलं. आयडलवर ६ टक्क्यांच्या वर. इतक्या जुन्या पेट्रोल चारचाकीला पीयूसीला ३ टक्के चालतं, आणि या इंजिनला खरं तर १ च्या आसपास पाहिजे. स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत, प्रत्येक वेळी की बाहेर काढून, एकदा रेस देऊन प्लेट बसू द्यायची आणि मग वाचायचं, असं करत १.२ वर आणून सोडलं. मुद्दाम १ च्या खाली नेलं नाही. या गाडीला लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन बघून पेट्रोल कमी-जास्त करायला लावणारा) नाही, हवा बघून जेवढं ठरलंय तेवढंच पेट्रोल मोजून देते, पेट्रोलमध्ये काय मिसळलंय ते तिला कळत नाही. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा, म्हणजे तेच माप ई-२० वर सात-आठ टक्के लीन पडतं. जर्मनीत १९८४ साली केलेली सेटिंग आज सांगलीच्या पंपावरच्या पेट्रोलला तशीच लागू होत नाही, थोडं रिच ठेवावं लागतं, आणि ते मीटर लावूनच ठेवायचं, कानाने नाही.

इथेनॉलचा आणखी एक त्रास गरम स्टार्टिंगलाच आहे. ते मिसळलं की मिश्रणाचा मधला भाग लवकर उकळायला लागतो, म्हणजे आधी रेस्ट प्रेशर दीड बार असलं तरी चालून जायची अशी गाडी आता चालून जात नाही. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे के-जेट्रॉनिक आणि तिचा पुढचा अवतार केई-जेट्रॉनिक, दोन्हीच्या गरम स्टार्टिंगच्या तक्रारी वाढल्या आहेत, आणि ॲक्युम्युलेटर अर्धवट कमजोर झालेल्या गाड्या त्यात सगळ्यात जास्त. केई मध्ये प्लंजरवरच्या प्रेशरचं काम वेगळ्या पद्धतीने होतं, वॉर्म-अप रेग्युलेटरच नसतो, पण ॲक्युम्युलेटर आणि चेक व्हॉल्व्हची गोष्ट तीच.

काकांना दोनच गोष्टी सांगितल्या. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा म्हणजे आत ओली हवा कमी राहील, आणि महिना-महिना न हलवता ठेवू नका, कारण डिस्ट्रिब्युटरमधला तो प्लंजर इतका बारीक बसवलेला असतो की पाणी लागून अडकला तर ॲक्युम्युलेटरच्या कित्येक पट खर्च येतो. त्यांनी विचारलं, "मग मी रोजच फिरवू का?" म्हटलं रोज नको, पण पंधरा दिवसांतून एकदा चांगली तासभर, नुसती दारात चालू करून बंद करायची नाही.

मे महिन्यात ते आंबा घाटाने रत्नागिरीला जाऊन आले, साखरप्याला जेवणासाठी उन्हात गाडी उभी केली होती आणि पहिल्याच सेल्फला निघाली असा फोन आला. फक्त थंड गाडीचं पहिल्या मिनिटाचं आयडल अजून जरा कमी आहे, रेस दिली नाही तर कधी कधी बंद पडते, थंड इंजिनला जास्तीची हवा देणारा ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह अर्धवट उघडत असणार असं वाटतंय. त्याचा पेट्रोलच्या प्रेशरशी संबंध नाही, दिवाळीच्या सर्व्हिसिंगला काढून बघायचं ठरलंय.